लिफ्ट केलेल्या गाडीचा मागचा शाफ्ट

आज मागच्या प्रोपेलर शाफ्टबद्दल बोलूया. रँग्लरसारखी गाडी लिफ्ट केली की शाफ्टचा उतार वाढतो, क्रॉसवर ताण येतो, वेग घेतला की थरथर सुरू. मग ट्रान्सफर केसच्या टोकाला डबल कार्डन जॉइंट असलेला शाफ्ट घालतात. पण नुसता शाफ्ट बदलून भागत नाही. डिफरन्शियलचं तोंडही वर, ट्रान्सफर केसकडे वळवावं लागतं. लांबीचं माप मी चारही चाकं जमिनीवर असतानाच घेतो. जॅकवर ॲक्सल खाली लोंबतो नि माप चुकतं. आणि हो, शाफ्ट सोडण्याआधी चाकांना ठोकळे लावाच. शाफ्ट निघाला की गिअर मागच्या चाकांना धरत नाही, आणि तेव्हा गाडीखाली आपणच असतो! भेटू पुढच्या भागात.