अनोळखी सुरांशी ओळख



आमच्या घरी गाणं म्हणजे भीमसेनजी, किशोरीताई आणि फार तर बालगंधर्वांची नाट्यपदं. त्यामुळे आमची धाकटी कॉलेजात गेल्यावर तिच्या खोलीतून सॅक्सोफोन ऐकू येऊ लागला, तेव्हा मी दारातूनच ओरडलो, "बंद कर तो गोंगाट!" तिनं वाद घातला नाही. कानाला हेडफोन लावले. त्यानंतर घरात संगीत राहिलं, पण ज्याचं त्याच्या कानात. पुढे ती नोकरीसाठी परगावी गेली आणि फोनवरचं आमचं बोलणं 'जेवलीस का?' आणि 'तब्येत कशी आहे?' एवढ्यावर येऊन थांबलं.

१५ डिसेंबर २०२४ रोजी उस्ताद झाकीर हुसेन गेले. त्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, "बाबा, तुमचे झाकीरभाई आणि माझे झाकीरभाई एकच होते, माहीत आहे का तुम्हाला?" आणि तिनं मला पाच अल्बमची नावं लिहून घ्यायला लावली. तीच यादी आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

आधी एक गोष्ट सांगतो. जॅझ आपल्याला वाटतो तितका परका नाही. १९५१ सालचा 'अलबेला' आठवा. सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर. त्यांच्या त्या गाण्यांत गोव्याच्या चिक चॉकलेट यांचा ट्रंपेट होता. मुंबईच्या बड्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या गोवेकर वादकांनीच आपल्या चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ सजवला. म्हणजे हा आवाज आपण लहानपणापासून ऐकतोच आहोत.

मग मला तो गोंगाट का वाटला? मी तानपुरा शोधत होतो, म्हणून! आपल्याकडे षड्ज अढळ असतो. जॅझमध्ये बहुधा खालचे स्वरमेळ सतत बदलत असतात आणि वादक त्या बदलत्या जमिनीवर चालतो. बाकी रीत ओळखीची आहे. सुरुवातीला सगळे मिळून एक धून वाजवतात, ती बंदिश समजा. मग एकेक जण तिच्यावर उपज करतो आणि शेवटी पुन्हा धून येते.

पहिला अल्बम जुना आहे, पण दार तिथूनच उघडतं. माइल्स डेव्हिस यांचा १९५९चा 'काइंड ऑफ ब्लू'. यात त्यांनी स्वरमेळांची धावपळ कमी केली आणि एकाच स्वरसप्तकावर बराच वेळ रेंगाळायला जागा ठेवली. रागाची सवय असलेला कान इथे लवकर स्थिरावतो. पहिल्याच 'सो व्हॉट' या रचनेत बास हे खर्जातलं तंतुवाद्य काहीतरी विचारतं आणि बाकीचे दोनच सुरांत उत्तर देतात.

दुसरा, 'शक्ती'चा २०२३चा 'धिस मोमेंट'. जॉन मॅक्लॉफ्लिन यांची गिटार, झाकीरभाईंचा तबला, गणेश राजगोपालन यांचं व्हायोलिन, सेल्वागणेश यांचा तालवाद्यांचा साज आणि गळा शंकर महादेवन यांचा. 'कट्यार काळजात घुसली' या चित्रपटातले पंडितजी इथे वेगळेच भेटतात. फेब्रुवारी २०२४मध्ये या अल्बमला ग्रॅमी मिळालं.

तिसरा, 'किन्समेन', साल २००८. रुद्रेश महंतप्पा हे अमेरिकेत वाढलेले जॅझवादक आणि कद्री गोपालनाथ हे सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवणारे. वाद्य तेच, पण घराणी दोन खंडांतली. गोपालनाथ यांच्या सुरातली गमकं मुद्दाम ऐका.

चौथा, १९९४चा 'ऑफिसियम'. हिलियर्ड आँसाम्ब्लचे चार इंग्रज गायक युरोपातली शेकडो वर्षांपूर्वीची चर्चमधली भजनं गातात आणि नॉर्वेचे यान गारबारेक त्यांच्यामधून सॅक्सोफोन फिरवतात. ऑस्ट्रियातल्या एका मठात हे ध्वनिमुद्रण झालं. त्या वास्तूचा घुमारा हे यातलं सहावं वाद्यच आहे. रात्री दिवे मालवून ऐका.

पाचवा, २०२१चा 'प्रॉमिसेस'. इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे 'फ्लोटिंग पॉइंट्स', लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि सॅक्सोफोनवर फॅरो सँडर्स. तो निघाला तेव्हा सँडर्स ८० वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ते गेले. काही सुरांचा एक छोटा तुकडा सुमारे पाऊण तास परत परत येत राहतो. अखेर मला माझा तानपुरा सापडला! मध्येच सँडर्स वाद्य बाजूला ठेवून नुसत्या गळ्यानं गुणगुणतात, तिथे मी जागचा हललो नाही.

हे अल्बम आता मोबाइलवरही ऐकता येतात. पण भाजी निवडताना, पेपर चाळताना नको. आठवड्याला एकच घ्या आणि दोनदा ऐका. पहिल्या खेपेला कान नुसती कुरकुर करतो.

सगळं आवडलंच पाहिजे असंही नाही. 'किन्समेन'मध्ये दोन सॅक्सोफोन एकमेकांवर धावून जातात, तिथे मला अजूनही धाप लागते. तसं मी मुलीला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही गमकंच ऐकत बसता, लय कुठे बघता?" मी म्हणालो, "लय आम्हाला शिकवू नकोस." चाळीस मिनिटं आम्ही भांडलो. जेवणाचा आणि तब्येतीचा विषय निघालाच नाही. फोन ठेवताना ती म्हणाली, "पुढच्या रविवारी सहावा अल्बम सांगते."

श्रोतेहो, तुमच्याही घरात एखाद्या बंद दाराआड असं काहीतरी वाजत असेल. मी दारात उभा राहून 'बंद कर' म्हणालो होतो. तुम्ही आत जा, शेजारी बसा आणि विचारा, "काय ऐकतेस गं?"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)