प्रेमात धाक नसतो

निपाणी, चिक्कोडी, खानापूरहून कितीतरी मुलं-मुली शिकायला बसनं बेळगावला येतात. तिथं मैत्री जुळते, प्रेमही जुळतं. पण “पासवर्ड दे”, “त्याच्याशी बोलू नकोस”, “सोडलंस तर जीव देईन” अशी भाषा सुरू झाली, की ती काळजी नसते, तो ताबा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, जोडीदार असलेल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे २४ टक्के मुलींनी त्याच्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे.

धोका कशानं वाढतो? घरात पाहिलेली मारहाण, दारू, मुलीवर हक्क असल्याची समजूत आणि लपवाछपवी. या लपवाछपवीमागे समाजाची भीतीही असते. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या वंटमुरीत एक जोडपं पळून गेलं, म्हणून मुलाच्या आईला विवस्त्र करून मारहाण झाली. कर्नाटक उच्च न्यायालयानं त्या घटनेची स्वतःहून दखल घेतली. समाजाची अशी दहशत असेल, तर त्रास सोसणारी मुलगी घरी बोलणार कशी?

तिला आधार देतं ते ऐकून घेणारं माणूस: आई, आत्या, शिक्षिका. मैत्रिणींची सोबत तुटू न देणंही तितकंच मोलाचं. आणि मुलग्यांना नकार पचवायला घरातच शिकवायला हवं.

पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या वेळी ११२.

पालकहो, मुलीनं सांगितलं तर आधी तिचं कॉलेज बंद करू नका. आधी तिचं पूर्ण ऐका.