किडब्रुक : एका सर्वसमावेशक शाळेचा परिचय



शाळेचा परिचय करून द्यायचा म्हटला, की इमारत केवढी, मैदान कुठे, प्रयोगशाळा किती आणि निकाल किती टक्के, या क्रमाने बोलण्याची आपल्याकडे रूढी आहे. माहितीपत्रकातही मुखपृष्ठावर एखादे संस्कृत सुभाषित छापून ध्येयाचे देणे फेडले, की पुढची सारी पाने या यादीलाच वाहिलेली असतात. आज ज्या शाळेविषयी मला बोलायचे आहे तिच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा करणे भाग आहे. लंडनच्या आग्नेय भागात, ग्रिनिचजवळच्या किडब्रुक वस्तीत, १९५४ साली मुलींसाठी उघडलेल्या या शाळेची इमारत, तिचा अभ्यासक्रम आणि तिच्या सोयी ही सर्व एकाच निश्चयाची अपत्ये आहेत. आणि तो निश्चय ध्यानी घेतल्यावाचून तिचा विस्तार पाहणारा माणूस नुसताच दिपून परत येईल.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४४ साली, इंग्लंडात शिक्षणमंत्री बटलर यांच्या पुढाकाराने शिक्षणाचा नवा कायदा मंजूर झाला आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या माध्यमिक शाळांतील फी रद्द होऊन प्रत्येक मुलाला माध्यमिक शिक्षणाचा हक्क मिळाला. परंतु हक्क सर्वांना मिळाला तरी शाळा एक मिळाली नाही. विद्यापीठाच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी ग्रामर शाळा, तंत्रविद्येसाठी टेक्निकल शाळा आणि उरलेल्या बहुसंख्य मुलांसाठी मॉडर्न शाळा, अशी त्रिविध विभागणी कायद्याच्या कलमांत कुठेही लिहिलेली नसताना अंमलबजावणीत रूढ झाली. ती ठरविण्याचे साधन म्हणजे प्राथमिक शाळेच्या अखेरीस घेतली जाणारी ‘इलेव्हन प्लस’ परीक्षा. गणित, इंग्रजी आणि बुद्धिमापनाचे काही प्रश्न एवढ्या सामग्रीवर दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा जो निवाडा होई, त्याविरुद्ध अपील करण्यास व्यवहारात फारसा वाव नसे. शिवाय ग्रामर शाळांतील जागा प्रत्येक कौंटीत कमीअधिक असल्यामुळे, एका कौंटीत जे मूल निवडले गेले असते तेच शेजारच्या कौंटीत वगळले जाई. म्हणजे बुद्धीच्या नावाखाली पुष्कळदा पत्त्याचीच परीक्षा होत असे.

लंडन कौंटी कौन्सिलने १९४७ च्या आपल्या शालेय योजनेत या निवाड्यालाच नकार देण्याची तजवीज केली. परिसरातील सर्व मुले, ती कोणत्याही घरची आणि कोणत्याही गतीने शिकणारी असोत, एकाच शाळेत यावीत आणि कोणाचा कल कुठे आहे हे शाळेत काही वर्षे काढल्यावर कळावे, हे तिचे सूत्र. तिकडे अशा शाळेला काँप्रिहेन्सिव्ह म्हणतात. अशी शाळा म्हणूनच नव्याने बांधलेली लंडनमधील पहिली इमारत किडब्रुकची.

आता इमारतीकडे वळू. मुलांची विभागणी आधी करायची नाही असे एकदा ठरले, की त्या वचनाची किंमत विटाचुन्यात आणि पगारपत्रकात मोजावी लागते. लॅटिन शिकू पाहणारी, रसायनशास्त्रात रमणारी, शिवणकामात हात बसलेली आणि टंकलेखन शिकून कचेरीत नोकरी धरू पाहणारी, अशा चौघीजणी एकाच फाटकातून आत येणार असतील, तर वर्गखोल्यांबरोबर प्रयोगशाळा, स्वयंपाकाचे वर्ग, शिवणयंत्रांची दालने, टंकलेखनाची खोली आणि व्यायामशाळा हे सारे त्याच आवारात असले पाहिजे. त्यांतील एक जरी गाळले, तरी त्या चौघींपैकी एकीला न बोलता बाहेरचा रस्ता दाखविल्यासारखे होते. किडब्रुकची शाळा सुमारे २,००० मुलींसाठी योजली गेली आणि सबंध शाळा एकत्र बसू शकेल असे घुमटाकार छपराचे सभागृह तिच्यासाठी बांधले गेले, ते या हिशेबानेच.

एवढी मोठी शाळा कशाला, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. त्याचे उत्तर साध्या अंकगणितात होते. पंधरावे वर्ष हीच शिक्षणाच्या सक्तीची मर्यादा असताना, त्यापुढे राहून विद्यापीठाची तयारी करणाऱ्यांची संख्या थोडी असे. ग्रामर शाळेत निवडकच मुले असल्याने तिथे लहान शाळेतूनही वरचा वर्ग भरे, पण सर्वांना घेणाऱ्या शाळेत भौतिकशास्त्राच्या किंवा फ्रेंचच्या त्या शेवटच्या वर्गाला पुरेशी मुले मिळायची, तर पाया तितकाच रुंद हवा. मात्र या रुंदीत अकरा वर्षांची नवखी मुलगी हरवून जाईल, ही भीतीही खोटी नव्हती. म्हणून अशा शाळांनी जुन्या निवासी शाळांची, मुलांना लहान गटांत वाटणारी ‘हाउस’ची प्रथा उचलली. कॉव्हेंट्रीत त्याच सुमारास निघालेल्या शाळांत तर या गटांना केवळ नाव आणि ढाल देऊन न थांबता स्वतंत्र इमारती दिल्या गेल्या, आणि हजेरी, भोजन व विचारपूस या गोष्टी तिथेच होऊ लागल्या. शाळा हजारांची असली, तरी मुलाला नावाने ओळखणारे मोठे माणूस एक तरी असावे, एवढाच त्यातला हेतू.

अभ्यासक्रमाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. १९५१ पर्यंत तेथील शालान्त प्रमाणपत्रासाठी विषयांचा ठरावीक संच एकदम पास व्हावा लागे. त्या वर्षी आलेल्या नव्या परीक्षेने प्रत्येक विषय सुटा केला. वरकरणी हा दप्तरी बदल दिसतो. परंतु इंग्रजीत उत्तम आणि गणितात कच्ची असलेली मुलगी आता इंग्रजीचे प्रमाणपत्र हक्काने मागू शकत होती, आणि आधीची काही वर्षे समान विषय शिकवून मग वाटा हळूहळू वेगळ्या करण्याची सर्वसमावेशक शाळेची पद्धत परीक्षेच्या नियमांतही बसू लागली. मेरी ग्रीन यांनी १९५४ पासून १९७३ पर्यंत मुख्याध्यापिका म्हणून किडब्रुकची शाळा सांभाळली.

परंतु शाळेचे दार उघडण्यापूर्वीच तिच्या तत्त्वाला पहिला धक्का बसला होता. जवळची एल्टम हिल ही मुलींची ग्रामर शाळा बंद करून तिथल्या मुली किडब्रुकमध्ये आणण्याचा कौन्सिलचा बेत होता. पालकांनी तक्रार केली आणि शिक्षणमंत्री फ्लॉरेन्स हॉर्सब्रू यांनी त्या शाळेला हात लावण्यास मनाई केली. परिणाम असा, की सर्वांसाठी उघडलेल्या शाळेच्या शेजारीच निवडक मुलींची चाळणी पूर्ववत चालू राहिली. आणि जोवर ती चाळणी जागेवर आहे तोवर सर्वांची शाळा ही नावापुरतीच सर्वांची राहते, हे किडब्रुकच्या अनुभवाने पहिल्याच वर्षी दाखवून दिले. पुढे १९६५ साली अँथनी क्रॉसलंड यांच्या शिक्षणखात्याने शाळांचे सर्वसमावेशक पद्धतीवर पुनर्घटन करण्याचे प्रसिद्ध परिपत्रक काढले, त्यातही हुकूम नव्हता, विनंती होती. ती ज्या कौंट्यांनी मानली नाही, तिथे ग्रामर शाळा आजही उभ्या आहेत.

सोयींविषयीचा धडा याच शाळेने फार उशिरा दिला. २००५ साली जेमी ऑलिव्हर या पाकतज्ज्ञाने शाळांतील भोजनावर दूरदर्शन-मालिका केली, तेव्हा त्याने किडब्रुकचेच स्वयंपाकघर निवडले. तिथल्या प्रमुख स्वयंपाकीण नोरा सँड्स यांच्यापुढे प्रश्न होता तो मुलामागे ३७ पेन्सांत जेवणाचे सामान कसे बसवायचे, हा. आणि त्या रकमेत तळून काढण्याच्या तयार पदार्थांपलीकडे फार काही येत नव्हते. स्वयंपाकघर होते, चुली होत्या, माणसेही होती. आटली होती ती चालू खर्चाची तरतूद. मालिकेने गदारोळ माजला आणि सरकारला शालेय भोजनासाठी अधिक रक्कम जाहीर करावी लागली. बांधकामाच्या उद्घाटनाला मंत्री येतात. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात शाळेची निगा राखायला मात्र कोणी येत नाही, हे आपल्याही परिचयाचे आहे.

निरनिराळ्या कलांच्या मुलांना एकाच शाळेत सामावण्याचा असा प्रयत्न आपल्या देशातही झाला. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९५३ च्या अहवालात बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली आणि मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहविज्ञान असे सात विषयगट सुचविले. शिफारस उदार होती. पण मुलाने कोवळ्या वयातच एक गट धरायचा आणि मग त्याच वाटेने जायचे, असे तिचे रूप व्यवहारात झाले. सात दारे उघडली गेली. एका दारातून दुसऱ्यात जाण्याची वाट राहिली नाही. पुढे १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने दहावीपर्यंत सर्वांना समान शिक्षण द्यावे आणि विशेष विषयांची निवड त्यानंतर करावी, असे सांगितले, ते या अनुभवानंतरच.

तेव्हा पालकहो, जूनपूर्वी मुलाचा दाखला घेऊन एखाद्या शाळेत जाल, तेव्हा इमारत अवश्य पाहा, प्रयोगशाळेच्या कपाटांना कुलूप आहे की ती वापरात आहेत, हेही पाहा. पण मुख्याध्यापकांना दोन प्रश्न जरूर विचारा. ‘हुशार’ तुकडी आणि बाकीच्या तुकड्या, ही वाटणी आपण कोणत्या इयत्तेत, कशाच्या आधारावर करता? आणि एकदा ‘ड’ तुकडीत गेलेले मूल गेल्या काही वर्षांत ‘अ’ तुकडीत आल्याचे उदाहरण आपल्या दप्तरी आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही शाळेत तयार असते. शाळा निवडायची ती दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर.