विमान बांधणारे हात



स्वागत समितीच्या वतीने गोदाकाठच्या या नगरीत आपणा सर्वांचं मनापासून स्वागत करतो. नाशिकला लोक येतात ते कुंभमेळ्यासाठी, त्र्यंबकेश्वराच्या दर्शनासाठी, द्राक्षांच्या हंगामात. आपण विमानांसाठी आलात, याचा यजमान म्हणून मला फार आनंद आहे. त्या बाबतीतही या जिल्ह्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

निफाड तालुक्यातल्या ओझरला १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठी कारखाना उभा राहिला. इंजिनं कोरापुटची, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादची, आणि सांगाडा व अंतिम जुळणी आमच्या ओझरची. पंचक्रोशीत त्या ठिकाणाला आजही ‘ओझर मिग’ म्हणतात. आयटीआयमधून बाहेर पडलेली शेतकऱ्यांची मुलं तिथे फिटर झाली आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या विमानाचे पत्रे रिव्हेट करू लागली. हा कारखाना चालवणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ६००हून अधिक मिग-२१ वायुसेनेच्या हवाली केली. हे काम ज्यांनी केलं, त्यांतले कित्येकजण अजून आपल्या आसपास राहतात.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ला निरोप दिला गेला. १९६३ साली याच चंडीगडला त्याचं पहिलं स्क्वॉड्रन उभं राहिलं होतं. १९७१च्या डिसेंबरात ढाक्याच्या राज्यपाल भवनावर रॉकेटांचा मारा करणारं विमान हेच. पण या विमानाच्या अपघातांत आपले कितीतरी वैमानिकही गेले, आणि त्यांच्या घरच्यांची आठवण न ठेवता मिगचं नुसतं गुणगान करणं मला पटत नाही. उतरताना ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेग, कॉकपिटमधून समोरचं बेताचंच दिसणं, आणि नवशिक्या वैमानिकांना तयार करणारं हॉकसारखं प्रगत प्रशिक्षण विमान २००८पर्यंत हाती नसणं, हे सगळं या इतिहासात आलंच पाहिजे. जुन्या विमानावर प्रेम करणाऱ्याने त्याची पूर्ण हकिगत सांगावी, असं मला वाटतं.

आता मिग-२१ संग्रहालयांत गेलं, चौकाचौकांतल्या चबुतऱ्यांवर चढलं. विमान चबुतऱ्यावर ठेवता येतं, पण त्याची विद्या कुठे ठेवायची? माझ्या मनात सध्या हाच प्रश्न आहे.

एक उदाहरण देतो. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कानपूरला बी-२४ लिबरेटर या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानांचा ढीग पडून होता. कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून ती मुद्दाम मोडून ठेवलेली होती. स्वतंत्र भारताला बॉम्बफेकी विमानं हवी होती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या ढिगातून एकेक विमान जेमतेम उडण्याजोगं केलं आणि चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ती कानपूरहून बंगळूरला उडवत घेऊन गेले. अशी ४२ विमानं नेली. बंगळूरला त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली आणि ती सेवेत आली. वायुसेनेच्या शेवटच्या लिबरेटरांचा मुक्काम आपल्या पुण्यात होता. १९६८ अखेर ती निवृत्त झाली. त्यानंतर त्यांतलं एक पुण्याहून उडालं ते थेट अमेरिकेतल्या ॲरिझोनापर्यंत. इंग्लंड, कॅनडा आणि अमेरिकेच्या संग्रहालयांत आज जी लिबरेटर दिसतात, त्यांतली कित्येक ही भारतातून गेलेली आहेत. जगाने ज्याला भंगार ठरवलं, त्यातून जगाच्या संग्रहालयांना विमानं पुरवणारे हात आपल्याकडे होते! मला या गोष्टीचा विलक्षण अभिमान वाटतो.

आणि खंतही आहे. वायुसेनेच्या ताफ्यातलं ‘परशुराम’ हे जुनं डकोटा विमान आपण सगळे कौतुकाने पाहतो, पण ते इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन २०१८ साली इथे आलं. गोव्यात नौदलाच्या हवाई संग्रहालयासमोर सुपर कॉन्स्टेलेशन विमान उभं आहे. एअर इंडियात असताना त्याचं नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’. आपल्या वेरूळचं नाव मिरवलेलं हे विमान समुद्राच्या खाऱ्या हवेत उघड्यावर आहे, आणि खारी हवा ॲल्युमिनियमला काय करते ते इथल्या तंत्रज्ञांना मी सांगायला नको. जुनं विमान नीट सांभाळलं तर काय होतं, तेही पाहा. जे.आर.डी. टाटांनी १९३२ सालच्या आपल्या कराची-मुंबई उड्डाणाची पुनरावृत्ती १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, लेपर्ड मॉथ विमानातून केली. ते धाडस त्यांचं, पण ते जुनं विमान उडण्याजोगं ठेवणारे मेकॅनिकही त्या उड्डाणाचे तेवढेच धनी होते.

म्हणून या संमेलनात आम्ही एक गोष्ट ठरवून केली आहे. छायाचित्रं, एअर शोच्या चित्रफिती, उड्डाणाचे अनुभव हे सगळं होईलच. त्याबरोबर ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगारांना आणि तंत्रज्ञांना आम्ही आग्रहाने बोलावलं आहे. पहिल्या रांगा त्यांच्यासाठी आहेत. दुपारी जेवणानंतर शेजारच्या दालनात ते बसतील. कृपया त्यांच्यासोबत फक्त फोटो काढून परतू नका. पत्रा कसा वाकवायचा, जिगवर पंख कसा बसवायचा, पहिल्या उड्डाणाआधी काय काय तपासायचं, हे त्यांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करा. ज्यांच्याकडे जुने फोटो असतील ते तिथेच स्कॅन करून घेण्याची सोय केली आहे.

दोन सूचना. ओझर आणि नाशिकचंच गांधीनगर ही दोन्ही ठिकाणं संरक्षण खात्याची आहेत, तिथे परवानगीवाचून कॅमेरा बाहेर काढू नये. आणि उद्या सकाळी न्याहारीला नाशिकची मिसळ आहे. तिखट न सोसणाऱ्यांसाठी दही वेगळं ठेवलं आहे.

व्यवस्थेत काही उणं राहिलं तर स्वयंसेवकांना हक्काने सांगा. आपल्या सर्वांचं पुन्हा एकवार स्वागत करून मी संमेलनाध्यक्षांना दीपप्रज्वलनासाठी पुढे येण्याची विनंती करतो. त्यांच्यासोबत समई उजळायला, ओझरच्या जुळणी विभागात हयात घालवलेल्या आपल्या ज्येष्ठ फिटर काकांनीही यावं.