सुरीला पाणी देताना



जयपूरला गेलेला मराठी माणूस जयगडावरील जयवाण तोफ पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. सुमारे ५० टन वजनाची ही तोफ १७२० साली, म्हणजे जयपूर वसण्याच्या सात वर्षे आधी, गडावरच्याच कारखान्यात तयार झाली. तिच्यापुढे छायाचित्रे निघतात. गड उतरल्यावर मात्र रस्त्याकडेला लोहविद्येची जी दुसरी शाळा भरते, तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. ती गाडिया लोहारांची.

१५६८ साली चितोड पडल्यावर छपराखाली न राहण्याची शपथ आपल्या पूर्वजांनी घेतली, असे हे लोक परंपरेने सांगतात. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांनी चितोडगडात पुन्हा प्रवेश केला. पण अनेकांचा संसार रस्त्याकडेलाच राहिला. महाराष्ट्रातील घिसाडी याच प्रकारचे फिरते लोहार. भट्टीपाशी पुरुष चिमट्यात लोखंड फिरवतो आणि जड घण बहुधा घरची स्त्री चालवते. मोटारीच्या जुन्या कमानपाट्यांतून चिमटे, कोयते, सुऱ्या निघतात. कारखान्यातील सुरी स्वस्त झाल्यापासून गिऱ्हाईक रोडावले आहे.

ज्याला घरी पहिली सुरी करायची आहे, त्याने या भट्टीपाशी तासभर उभे राहावे. त्याला साहित्य थोडेच लागते. झिजलेली, चांगल्या प्रतीची कानस घ्यावी. तिच्यात कर्ब शेकडा एकच्या आसपास असतो. (काही स्वस्त कानशी केवळ वरच्या थरापुरत्या कठीण असतात, त्यांवर घातलेले श्रम वाया जातात.) ती लाल तापवून राखेत पुरावी आणि रात्रभर निवू द्यावी. सकाळी ती इतकी मऊ झालेली असते की दुसरी कानस तिच्यावर सहज चालते. मग दोन-तीन दिवस नुसते घासणे. मुठीच्या खिळ्यांची भोके याच वेळी पाडावीत, नंतर बरमा शिरत नाही. धारेची कड एक मिलिमीटर जाड राखावी. फार पातळ कड पुढे वाकते किंवा तडकते.

यानंतर हत्याराला पाणी द्यायचे. शब्द पाण्याचा असला तरी येथे कोमट तेल बरे, कारण पाण्यात असे पोलाद तडकण्याचा धोका मोठा. तेल पेट घेऊ शकते, म्हणून हे काम अंगणात करावे आणि भांड्याचे झाकण हाताशी ठेवावे. सुमारे ७७० अंश सेल्सियसला लोह चुंबकाला चिकटेनासे होते; शाळेत शिकलेला हा धडा येथे कामी येतो. त्यापुढे किंचित तापवून पाते सरळ तेलात बुडवायचे.

पहिलटकराची चूक नेमकी येथे होते. राजस्थानच्या दुपारच्या उन्हात लाल रंग फिका दिसतो. अजून तापले नाही अशा समजुतीने तो भाता हलवत राहतो आणि पोलाद प्रमाणाबाहेर तापते. पाते वरून निर्दोष दिसते. कानस त्यावरून घसरते, म्हणजे ते कठीणही झालेले असते. मात्र शेगड्यात धरून दाबले की कडकन तुटते आणि तुटलेल्या जागी साखरेसारखा जाड रवा दिसतो. चांगल्या पात्याचा रवा मऊ राखाडी, रेशमी असतो. आठवड्याचे श्रम असे दोन तुकडे होऊन हातात येतात. त्या क्षणी बहुतेक जण हा नाद सोडतात.

जो सोडत नाही, तो दुसरी कानस घेतो आणि तिन्हीसांजेची वाट पाहतो. या वेळी डाळिंबी रंग ओळखू येतो. पाणी दिलेले पाते लगेच २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवले की घासलेल्या भागावर वाळल्या गवताचा फिकट पिवळा रंग चढतो. काठिण्य थोडे उतरते आणि चिवटपणा येतो. त्यावर शिसवीची मूठ, पितळी खिळे, मग सहाणेवर धार.

जयपूरच्या भट्टीवर भर दुपारी जुन्या कापडाची सावली धरलेली दिसते, तिचा अर्थ त्याला आता कळलेला असतो.