कच्ची वही, पक्की वही आणि संगणकाचा कारकून



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा चिटणिसांची समजूत अशी होती की, आम्ही बोनसवर किंवा बदली कामगारांवर बोलू. त्या विषयांवर आम्ही तीस वर्षे बोलत आलो आहो आणि आपणही सोशिकपणे ऐकत आला आहात. आज थोडे निराळे बोलायचे आहे. संगणकाच्या कारभाराच्या मध्यभागी 'कर्नेल' नावाचा एक भाग असतो. पलटणीतला कर्नल नव्हे. दाण्याच्या आत जो गर असतो त्याला इंग्रजीत हा शब्द आहे. प्रत्येक कार्यक्रमाला डिस्कवर काही लिहायचे किंवा वाचायचे झाले की या कर्नेलच्या खिडकीशी यावे लागते. त्या खिडकीशी नेमके काय घडते, आणि ती टाळून थेट डिस्कशी व्यवहार करण्याची जी सोय आहे तिची गरज का पडली, एवढेच आजचे सांगणे आहे. आमचे शिक्षण रात्रशाळेत मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा पंडितांनी चुका पोटात घालाव्यात.

आम्ही या वाटेला कसे गेलो ते सांगितले पाहिजे. १९९६ साली एका गिरणीत हजेरीचे काम नुकतेच संगणकावर गेले होते. यंत्र युनिक्स पद्धतीचे होते. त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की सलग एक वर्षाची नोकरी धरत, त्यामुळे बदली कामगाराला एकेक दिवस मोलाचा. एका संध्याकाळी दिवे गेले. दिवे परत आले तेव्हा हजेरीची फाइल उघडेना. शेवटची धड प्रत चार दिवसांपूर्वीची. मधले चार दिवस खात्यांतून आलेल्या चिठ्ठ्यांवरून पुन्हा भरायचे, तर पुष्कळशा चिठ्ठ्या हजेरी कारकुनाने फाडून टाकलेल्या. एका बदलीवाल्याचे २३७ दिवस भरले.

आम्ही त्या कारकुनाला फाटकापाशी, पाळी सुटताना, दोनशे माणसांदेखत विकला गेलेला म्हटले. तो एवढेच म्हणाला, "भाऊ, नोंद केली होती. यंत्राने झाली म्हणून सांगितले, तेव्हाच चिठ्ठी फाडली." आम्ही त्यावर हसलो, आणि लोकही हसले. पुढे जॉबरच्या खिशातल्या वहीवरून त्या बदलीवाल्याचे दिवस सिद्ध झाले, पण कारकुनाची बदली गोदामात व्हायची ती झालीच.

काही वर्षांनी पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मॉरिस बाख यांचे युनिक्सच्या रचनेवरचे १९८६ सालचे पुस्तक हाती लागले. त्यातला एक सबंध भाग बफर या एकाच विषयावर आहे. शब्दकोश मांडीवर घेऊन तो वाचायला आम्हांस पावसाळा पुरला नाही. वाचून झाल्यावर मात्र फाटकापाशी आपण काय केले ते कळले.

प्रकार असा आहे. फिरत्या डिस्कवर हवी ती जागा गाठायला काही हजारांश सेकंद लागतात. संगणकाच्या स्मृतीतून तेच काम त्याच्या लाखाव्या हिश्श्याइतक्या वेळात होते. प्रत्येक नोंदीसाठी डिस्कची वाट पाहावी तर सारे यंत्र हात जोडून उभे राहील. म्हणून कर्नेल काय करतो? कार्यक्रमाने 'हे लिही' म्हटले की मजकूर स्मृतीतल्या एका कप्प्यात, म्हणजे बफरमध्ये, उतरून घेतो आणि लगेच 'झाले' म्हणून सांगतो. असे बरेच कप्पे साठले, किंवा ठरावीक वेळ गेला, की मग ते सवडीने डिस्कवर उतरवतो. आजच्या लिनक्समध्ये कोणी काही बदलले नसेल तर असा मजकूर साधारण तीस सेकंद जुना झाला की त्याची पाळी येते. वाचण्याचेही तसेच: एकदा आणलेला मजकूर कप्प्यात ठेवतो, दुसऱ्या कोणी मागितला तर तिथूनच देतो.

आपल्यापैकी पेढीवर बसलेल्यांना हे नवे नाही. दिवसभर कच्च्या वहीत टिपायचे आणि रात्री पक्की कीर्द लिहायची, ही आपली जुनी वहिवाट. फरक एवढाच की, पेढीवरचा दिवाणजी कच्ची वही दाखवून 'पक्की झाली' असे म्हणत नाही. कर्नेल मात्र 'झाले' एवढेच म्हणतो, आणि कोणत्या वहीत झाले ते विचारल्याशिवाय सांगत नाही.

दिवे गेले की कप्प्यांतले सारे गेले. पण तीस सेकंदांचेच जायचे तर आमचे चार दिवस कसे गेले? त्याचे कारण असे की, कप्पे कोणत्या क्रमाने डिस्कवर उतरवायचे ते कर्नेल आपल्या सोयीने ठरवतो. डिस्कची सुई जिथे जवळ असेल तिथले आधी. म्हणजे फाइलीची अनुक्रमणिका नवी आणि आतली पाने जुनी, अशी अवस्था मध्येच गोठते, आणि मग सबंध फाइलच वाचता येईनाशी होते.

हे कोणी लपवून ठेवले होते असेही नाही. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी १९७८ साली बेल प्रयोगशाळेच्या नियतकालिकात आपल्या कर्नेलचे वर्णन लिहिले, त्यात या पद्धतीचे दोष त्यांनी स्वतःच मांडले आहेत. लिखाण मागाहून होत असल्यामुळे चूक झाली तर ती ज्याने लिहायला दिले त्याला कळवणे जवळजवळ अशक्य होते. यंत्र अचानक थांबले तर हिशेबी पूर्ण पण प्रत्यक्षात अपुरे असे पुष्कळ काम अडकून राहते. आणि लिखाणाचा क्रम बदलू शकतो. आपल्याच मालातली खोट इतक्या सरळपणाने सांगणारा कारागीर आम्ही कारखान्यांत फार थोडा पाहिला. त्या लेखाची ओळख झाल्यावर आम्ही गोदामातल्या कारकुनाला पत्र लिहिले. तोवर तो निवृत्त होऊन गावी गेला होता. उत्तर आले नाही.

आता दुसरी वाट. युनिक्सने डिस्कला दोन दारे ठेवली. एक बफरमधून जाणारे, आणि दुसरे 'रॉ', म्हणजे कच्चे. या दुसऱ्या दाराच्या नावामागे 'आर' हे अक्षर जोडण्याचा प्रघात होता. या दाराने गेले की कप्पे मध्ये येत नाहीत. कार्यक्रमाच्या स्वतःच्या स्मृतीतला तुकडा कर्नेल तेवढ्यापुरता जागेवर खिळवून ठेवतो आणि डिस्क थेट तिथून उचलते किंवा तिथे आणून टाकते. तोपर्यंत कार्यक्रम थांबतो. आणि चूक झाली तर ती ज्याची त्याला, तिथल्या तिथे कळते. नावाची गंमत पाहा. ज्याला 'कच्चे' म्हणतात तेच पक्क्या वहीच्या अधिक जवळचे!

पण हे दार फुकट नाही. इथे सुटा माल मिळत नाही, पोतेच्या पोते घ्यावे लागते. डिस्कचा तुकडा ५१२ बाइटांचा असेल तर ५१२ च्या पटीतच मागायचे, सुरुवातही त्याच मापावर हवी, स्मृतीतली जागाही मापातच हवी. सात अक्षरे बदलायची असली तरी सबंध तुकडा आणायचा, बदलायचा, परत ठेवायचा. पुन्हा तेच वाचायचे तर पुन्हा डिस्कची फेरी. शिवाय एकाच मजकुराकडे एक जण बफरच्या दाराने आणि दुसरा थेट दाराने गेला, तर दोघांच्या प्रतींत फरक पडण्याचा धोका असतो. साध्या कामाला म्हणूनच आम्ही हे दार सुचवणार नाही.

ते मागितले डेटाबेसवाल्यांनी. ओरॅकलसारख्या डेटाबेसला स्वतःचे कप्पे असतात. कोणते पान पुन्हा लागेल याची कर्नेलला अटकळ बांधावी लागते, डेटाबेसला ते ठाऊक असते. दोघांनीही साठा केला की एकच जिन्नस दोन फडताळांत, आणि जागा दुप्पट. त्यांच्या मागणीमुळे स्टीफन ट्वीडी यांनी लिनक्ससाठी रॉ डिस्कची सोय लिहिली. २००१ च्या जानेवारीत निघालेल्या २.४ या आवृत्तीत ती होती. त्याच वर्षी साध्या फाइलीलाही थेट दार देणारी 'ओ-डायरेक्ट' ही खूण त्याच मालिकेत आली. खुद्द लिनस टॉर्व्हाल्ड्स यांना ती रचना मुळीच पसंत नव्हती, आणि २००२ साली त्यांनी तिची जी संभावना केली ती या व्यासपीठावर उच्चारण्यासारखी नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कर्नेलला डावलण्यापेक्षा आपल्याला काय हवे ते त्याला नीट सांगावे. आम्हांस यात तथ्य वाटते; पण मालकाला नीट सांगून पाहिल्याचा अनुभव आम्हांसही आहे.

याच सुमारास फ्रीबीएसडी या दुसऱ्या युनिक्सवंशीयाने नेमका उलटा निर्णय घेतला: डिस्कचे बफरवाले दारच काढून टाकले आणि रॉ तेवढे ठेवले. ज्या लिखाणाचा क्रम आणि चूक दोन्ही समजत नाहीत त्यावर कोणी विसंबू नये, हे त्यांचे कारण. लिनक्सने पुढे २०२१ साली ट्वीडींचे ते जुने रॉ दार काढले, कारण ओ-डायरेक्टने तेच काम होत होते. एकाच घरातल्या दोन भावांनी समोरासमोरच्या भिंती पाडाव्यात, तसे हे झाले.

तिसरा मार्ग मधला आहे. बफरमध्ये लिहावे, आणि मग 'एफसिंक' नावाच्या हाकेने कर्नेलला सांगावे की, या फाइलीचे सारे डिस्कवर उतरेपर्यंत मी इथून हलत नाही. पोस्टग्रेस हा नामांकित डेटाबेस सुमारे वीस वर्षे याच भरवशावर चालला. २०१८ साली उघड झाले ते असे की, डिस्कवर उतरवताना चूक झाली तर लिनक्स ती एकदा कळवी, पण ते पान 'उतरले' अशा खात्यात टाकून देई. डेटाबेसने पुन्हा हाक मारली की उत्तर येई, 'सर्व ठीक'. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा हो. आणि मधल्या वेळेत कोणी काहीच केलेले नाही! २०१९ च्या फेब्रुवारीत पोस्टग्रेसने नियम बदलला. आता एफसिंक फसला की तो दुसऱ्यांदा विचारीत नाही. स्वतःचे काम बंद पाडतो आणि आधी लिहून ठेवलेल्या रोजनाम्यावरून सारे पुन्हा उभे करतो. संपाची ही रीत आम्हांस ओळखीची वाटली.

आणखी एक सांगितले पाहिजे, नाहीतर थेट दाराविषयी आमच्याकडून भलताच समज पसरेल. डिस्कच्या पोटातही तिची स्वतःची छोटी स्मृती असते. थेट दाराने दिलेला मजकूर तिथे पोचला तरी डिस्क 'झाले' म्हणू शकते. तेव्हा तिथेही 'खाली उतरव' ही निराळी आज्ञा लागतेच.

आमच्या कामगारांच्या पतपेढीत गेल्या वर्षी आम्ही एक खटाटोप केला. निराळ्या यंत्रावर हिशेबाची नक्कल घेतली, एकीने पावत्या छापायच्या, आणि मध्येच भिंतीवरची कळ बंद करायची. वीस पावत्या छापून झाल्या होत्या. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर नोंदी निघाल्या सतरा. पुरवठादाराच्या माणसाने कामाला वेग यावा म्हणून एफसिंकची वाट पाहण्याचे कलमच बंद ठेवले होते. तो लबाड नव्हता. पावती सावकाश येते अशी तक्रार आमच्याच संचालकांनी केली होती, आणि त्या ठरावावर आमचीही सही आहे. कलम चालू करून आम्ही तीच परीक्षा आणखी चार वेळा घेतली. चारही वेळा पावत्या आणि नोंदी जुळल्या. आता पावती पूर्वीपेक्षा सावकाश निघते, आणि शनिवारी रांग दारापर्यंत जाते.

अध्यक्षांनी घड्याळ काढलेले दिसते. प्रश्न असतील तर आम्ही खाली पायरीपाशी थांबतो.