नाव कंपनीचं, अब्रू मिस्त्रीच्या हातात

(शिरूर येथील युवक-युवती मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी दौंडचा. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये गेलो. सध्या गाडीच्या आत जो छोटा कॉम्प्युटर असतो, त्यासाठी कोड लिहितो. मला ‘करिअर’वर बोलायला सांगितलं आहे. मी गाड्यांवर बोलणार आहे, त्यातच करिअर येईल.

सुरुवात जरा लांबून, आफ्रिकेतून करतो. एके काळी तिथे प्यूजो या फ्रेंच कंपनीचं राज्य होतं. तिच्या ४०४ या गाडीने १९६३ ते १९६८ या काळात पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली चार वेळा जिंकली. नंतर १९७५ आणि १९७८ मध्ये ५०४ ने जिंकली. नायजेरियातल्या कडुना शहरात १९७५ पासून प्यूजोची जुळणी सुरू झाली, केनियातही ५०४ जोडली जायची. सेनेगलमध्ये प्यूजोची लांब गाडी सात प्रवासी भरून गावोगाव फिरायची आणि तिचं नावच ‘सात जागा’ पडलं होतं. आपल्याकडचं वडापच म्हणा ना.

हे नाव जाहिरातीने झालं नव्हतं. गाडी जमिनीपासून उंच होती, खड्डे पचवायची, इंजिन साधं होतं. आणि मुख्य म्हणजे तिचा पार्ट बाजारात मिळायचा, तिला खोलणारा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर होता.

मग काय बिघडलं? १९८६ नंतर नायजेरियाचं चलन घसरलं, नवी गाडी सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेली. लोक बाहेरून येणाऱ्या जुन्या गाड्यांकडे वळले. केनियात वाहतूक आपल्यासारखी डावीकडून आणि जपानमध्येही तशीच, त्यामुळे मोम्बासा बंदरात जपानच्या वापरलेल्या गाड्या उतरू लागल्या. त्यांत टोयोटा भरपूर. रस्त्यावर टोयोटा वाढल्या तसे तिचे पार्ट स्वस्त झाले, पार्ट स्वस्त झाले तसे मिस्त्री तिकडे गेले आणि मिस्त्रीच्या मागे गिऱ्हाईक गेलं. प्यूजोच्या नव्या गाड्या महाग होत्या, त्यांत इलेक्ट्रॉनिक्स जास्त होतं. ५०४ हातोडी-पान्यावर दुरुस्त करणाऱ्याला त्या परक्या वाटल्या.

‘फ्रेंच गाडी टिकत नाही’ असा निष्कर्ष मात्र घाईने काढू नका. मोरोक्कोत रेनोच्या डाशिया गाड्या आजही जोरात चालतात, कारण कारखाना तिथेच आहे. टँजियरचा मोठा कारखाना २०१२ मध्ये सुरू झाला.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात प्यूजोच्या वाट्याला तीन वेगवेगळी नशिबं आली.

पहिलं जीपचं. महिंद्राने प्यूजोकडून परवाना घेऊन तिचं डिझेल इंजिन इथे बनवलं. आफ्रिकेतल्या डिझेल ५०४ मध्ये असायचं त्याच घराण्यातलं हे इंजिन. महिंद्राच्या जीपमध्ये बसून ते गावोगाव फिरलं. ते फ्रेंच आहे हे कुणाला माहीत नव्हतं आणि कुणाचं काही अडलंही नाही, कारण पार्ट तालुक्याला मिळायचा.

दुसरं नशीब मोटारीचं. वालचंद हिराचंदांनी साखर कारखाना काढला तो आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला. त्यांनीच स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने १९९४ च्या सुमारास प्यूजोशी भागीदारी करून कल्याणला प्यूजो ३०९ काढली. कामगारांशी वाद झाले, उत्पादन रखडलं आणि १९९७ मध्ये प्यूजो निघून गेली. ज्यांनी गाडी घेतली होती ते पार्ट शोधत फिरले.

तिसरं नशीब बघा. त्याच प्यूजोचं १५२७ सीसीचं डिझेल इंजिन मारुतीने झेन आणि एस्टीममध्ये बसवलं. वर मारुतीचं नाव होतं आणि मागे मारुतीची सर्व्हिस होती. गिऱ्हाईक बिनघोर राहिलं.

हीच गोष्ट पुढे आपल्या शिरूर तालुक्यात घडली, फक्त कंपनी इटलीची होती. रांजणगावच्या एमआयडीसीत फियाट आणि टाटांच्या कारखान्यात २००९ पासून लिनिया आणि पुंतो बनू लागल्या. त्यांतलं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन फियाटचं. तेच इंजिन मारुती परवान्यावर बनवून स्विफ्टमध्ये घालत होती. स्विफ्ट घराघरांत गेली आणि पुंतोला मात्र लोक विचारायचे, “उद्या पार्ट मिळेल का?” २०२० मध्ये बीएस-६ नियम येईपर्यंत फियाटच्या नावाची गाडी बाजारातून गेली. २०२१ मध्ये फियाटचा आणि प्यूजोचा समूह एक होऊन स्टेलांटिस झाला. म्हणजे कल्याणहून गेलेली प्यूजो कागदोपत्री का होईना, रांजणगावच्या दारात आली! तिथे आता जीप कंपास आणि टाटांच्या गाड्या बनतात.

इंजिन एकच असूनही एक गाडी चालते आणि दुसरी पडते. फरक यंत्रात नाही, यंत्रामागच्या माणसांत आहे.

आणि ती माणसं कोण? बरीचशी आपलीच. २००६ च्या सच्चर अहवालातही मुस्लिमांचा सहभाग जास्त असलेल्या कामांत वाहनदुरुस्ती आहे. माझे मामू दौंडला गॅरेज चालवतात. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखतात. मध्यंतरी त्यांनी एका गाडीचा सेन्सर बदलला. काम बरोबर झालं होतं, पण डॅशबोर्डवरचा दिवा विझेना, कारण त्या कंपनीचं सॉफ्टवेअर फक्त तिच्याच वर्कशॉपमध्ये उघडतं. शेवटी गाडी पुण्याला न्यावी लागली. ते गिऱ्हाईक पुन्हा मामूंकडे आलं नाही.

५०४ च्या मिस्त्रीचं जे झालं, ते आपल्या दारात येऊन ठेपलं आहे. पण त्याला उत्तर आहे. स्टेअरिंगखाली सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. साधा स्कॅनर लावला तरी ठरलेले कोड वाचता येतात. ‘पी ०३०१’ आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पण प्लग गेला, कॉइल गेली की इंजेक्टर, हे कोड सांगत नाही. ते मामूंना कळतं. तिथे त्यांचा कान आणि तुमचं शिक्षण एकत्र यायला हवं.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. गॅरेजमधल्या मुलाला “शाळा सोडलीस, आता पाना धर” म्हणू नका. त्याला दहावी करू द्या, आयटीआयला घाला. मुलींनाही. स्कॅनर वाचायला मनगटात जोर लागत नाही. दुसरं, दोन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक चांगला स्कॅनर घ्या. तिसरं, दुरुस्तीचा हक्क मागा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केलं आहे, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टलवर थांबू नका. कंपनीने दुरुस्तीची माहिती आणि साधनं बाहेरच्या गॅरेजलाही वाजवी किमतीत द्यावीत, ही ग्राहक म्हणून आपली मागणी आहे. हिंदू-मुस्लिम सगळ्या गॅरेजवाल्यांचा आणि गाडीमालकांचा तो प्रश्न आहे, तेव्हा अर्जावर सह्याही सगळ्यांच्या हव्यात.

दौंड किंवा शिरूरमध्ये कुणी गॅरेज एका रविवारी मोकळं ठेवणार असेल, तर मी स्कॅनर घेऊन येतो. गाडी तुमची आणा आणि मिस्त्रीलाही सोबत आणा.